चार तुकड्यांची हाक

मी चौथी शिकलेला माणूस. मुलगा मलिंगारला डॉक्टर, म्हणून म्हातारपणी आम्ही नवराबायको आयर्लंडात येऊन पडलो. इथं तिचे पाय गेले. तिला आंघोळ घालायला रोज सकाळी एका कंपनीकडून पोलंडची एक बाई यायची.

बाई तिला 'बाबुलेंका' म्हणायची. सूनबाईनं विचारून घेतलं. बाप्चा म्हणजे आजी. माया आली की मागचं शेपूट बदलून बाबुन्या. आणखी आली की आणखी लांब, बाबुलेंका. त्यांचे शब्द म्हणे असेच वाढतात, मागून. बायकोच्या तळव्यावर बोट टेकवत बाई शब्द फोडायची, बा, बु, लेन, का. बायको तिच्यामागून म्हणायची आणि दोघी हसायच्या. मी दाराबाहेर खुर्चीत.

एकदा बायको म्हणाली, "अहो, परकी पोरगी मला चार तुकड्यांची हाक मारते. तुम्ही बावन्न वर्षं नुसतं 'अगं'. त्याला एखादं शेपूट लावलं असतं तर काय झिजला असता?"

"शेपूट गुरांना असतं," मी म्हणालो.

आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं होतं, बास. पण तिचं बोलणं मला डाचलं. त्याच संध्याकाळी मुलाला म्हणालो, "ती बाई कामापेक्षा गप्पा जास्त मारते. दुसरी मागव."

"अण्णा, आईला आवडते ती."

"आंघोळ घालायला आवड कशाला लागते?"

त्यानं फोन केला. दुसरी आली. काम चोख, तोंडातून शब्द नाही. बायकोनं तीन दिवस दाराकडे पाहिलं. चौथ्या दिवशी मला विचारलं, "तुम्ही घालवलीत ना तिला?"

"कंपनीनं बदलली."

ती भिंतीकडे वळली. पुढं महिनाभर होती. माझ्याशी बोलायची ते पाणी, गोळी, उशी एवढंच. मग गेली.

परवा सूनबाईबरोबर गावातल्या पोलिश दुकानात गेलो, तर ती बाई पावाच्या फळीपाशी उभी. मला पाहून तिचं तोंड फुललं. तोच शब्द म्हणाली आणि कशी आहे म्हणून मान उडवली. मी बोट वर केलं. तिला कळलं. हातातली टोपली खाली ठेवून तिनं माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली.

"मीच घालवलं तुम्हाला," मी म्हणालो. मराठीत, सगळं, भर दुकानात. तिला वाटलं म्हातारा दुःखानं बडबडतोय. 'येस, येस' म्हणत माझी पाठ चोळत राहिली.

सूनबाई शेजारीच होती. तिनं सगळं ऐकलं. तिला इंग्रजी येतं. पण हे त्या बाईला सांग असं मी म्हणालो नाही, आणि पाठ चोळून घेत उभा राहिलो.