रांगेत उभी गाडी

दादाने रेडिएटरचा पंखा काढला तेव्हाच मला ते पटलं नव्हतं. कळंबच्या घरामागे खपून त्याने एक जुनी गाडी शर्यतीसाठी तयार केली होती. मागच्या सीटा काढल्या, गाडी उलटली तर चालवणारा वाचावा म्हणून आत लोखंडी पिंजरा बसवला आणि वजन कमी करायला शेवटी पंखाही काढला.

"पळताना वारा लागतोच की," तो म्हणाला.

"अन् उभी असताना?"

"उभी कशाला राहील, तायडे?"

नारायणगावपलीकडच्या माळावर मातीचा ट्रॅक आखला होता. एकेक गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. पुढच्या आठवड्यापासून दादा चाकणला कंपनीत लागणार होता, त्यामुळे ही त्याची पहिली आणि बहुतेक शेवटची शर्यत.

मी मासळीवाल्याकडून थर्माकोलच्या पेटीत बर्फ नेला होता. रांगेत लागल्यावर बॉनेटवर ओली गोणपाटं टाकली, त्यांवर बर्फ पसरला. द्राक्षाच्या फवारणीचा ब्लोअर पाठीवर घेतला आणि नुसता वारा रेडिएटरवर सोडत उभी राहिले. तापमानाचा काटा खाली आला. दादा आतून हसला.

तेवढ्यात पहिल्याच वळणावर एक गाडी उलटली. चालवणारा आपल्या पायांनी बाहेर आला, पण गाडी काही लवकर हलेना. रांग सोडली तर नंबर गेला, असं माईकवरून सांगितलं. दादाने इंजिन बंद केलं, तर आतलं पाणी फिरायचं थांबलं आणि काटा उलट वरच गेला. चालू ठेवलं तरी तेच. बर्फाचं पाणी झालं. ब्लोअरमधलं पेट्रोल संपलं. मग मी टोमॅटोच्या क्रेटवरच्या पुठ्ठ्याने वारा घालू लागले. मागच्या गाडीवाल्याने आपली पिण्याच्या पाण्याची बाटली रेडिएटरवर ओतली.

"भाऊ, आज ऱ्हाऊ द्या," तो दादाला म्हणाला. "तापून इंजिनाचं हेड जाईल."

"मला दुसरा दिवस न्हाई, राव," दादा म्हणाला.

शेवटी निशाण पडलं. गाडी सुटली ती छानच सुटली. अर्ध्या फेरीत बॉनेटखालून पांढरी वाफ आली आणि गाडी थांबली. मी धावत गेले. दादा हेल्मेट घालून तसाच बसला होता. थोड्या वेळाने उतरून त्याने ऑइलची कांडी ओढून पाहिली. ऑइल दुधाळ झालं होतं, म्हणजे हेड गेलं होतं आणि त्यात पाणी शिरलं होतं. त्याने कांडी पुसली, परत घातली आणि ट्रॅक्टरला दोर बांधायला मदत केली.

तो चाकणला गेला. फोनवर कामाचं बोलायचा, खानावळीतल्या जेवणाचं बोलायचा. एकदा मी विचारलं, "गाडीचं हेड दुरुस्त करून घेऊ या का?"

"कुणासाठी?" तो म्हणाला.

पावसाळ्यात गाडीचा पत्रा सडला. दिवाळीला घरी आल्यावर त्याने भंगारवाल्याला बोलवायला सांगितलं, मी बोलावलं. गाडी टेम्पोत चढवत होते तेव्हा दादा घरातच होता. टीव्ही लावून बसला होता. मी आत जाऊन सांगितलं, "गेली."

"बरं," तो म्हणाला, आणि जेवायला वाढ म्हणाला.