चंद्राच्या मातीतला तांदूळ
तांदळाच्या धुवणाचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. मी नववीत होते, टीव्ही नुकताच रंगीत झाला होता. विज्ञान प्रदर्शनासाठी मी घाटकोपरच्या खाणीतून काळ्या दगडाची भुकटी आणली, तिच्यात जिवंत काही उरू नये म्हणून तव्यावर भाजली, डालड्याच्या डब्यात भरून वर ‘चंद्राची माती’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि मेथी पेरली. नियम एकच, नुसतं पाणी घालायचं. मेथी आधी पिवळी पडली आणि मग अचानक तरारली. मी हवेतच होते. प्रदर्शनात तपासायला आलेल्या सरांनी डब्यात बोट घातलं आणि तांदळाचा दाणा काढून सगळ्यांसमोर धरला. “काय गं, चंद्रावर तांदूळ धुतात का?” अख्खा हॉल हसला, माझं नाव यादीतून खोडलं. घरी आले ती किंचाळतच. आई शांतपणे म्हणाली, “सुकत होती गो. तुळशीक धुवण घालतंय, तसा तिकाय घातलंय. काय चुकला माझा?” मी डबा खिडकीतून भिरकावला. आता माझ्याही बाल्कनीत तुळस आहे. आई राहायला आली की तांदळाचं धुवण मी तिच्या डोळ्यांदेखत सिंकमध्ये ओतते.