बुद्रुक म्हणजे मोठं

दारव्ह्याला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मतदानाच्या दिवशी दुकान बंद, पण शटर अर्धं वर ठेवतो. सकाळपासून माणसं येतात, "भाऊ, माहं नाव कुठं आलं, पाहून दे ना." मी मोबाइलवर नाव टाकतो, केंद्र सांगतो. एकेकाळी हे काम मोठ्या तोऱ्यात करायचो. तो तोरा आत्याला मतदानाला नेलं त्या दिवशी उतरला.

आतोबा गेल्यापासून आत्या आमच्याकडे राहायची, मत मात्र तिच्या सासरच्या गावात. त्याआधीच्या निवडणुकीत ती तिथे रांगेत उभी राहिली, तर यादीत मेलेली! मेली होती तिची जाऊ, खोडलं हिचं नाव. "भूत आलं मत टाकाले," कोणीतरी म्हणालं आणि रांग हसली. आत्याही हसली म्हणे, पण घरी येऊन दोन घास धड जेवली नाही. मग हेलपाटे घालून तिने नाव परत लावून घेतलं. उमेदवाराशी तिला काही देणंघेणं नव्हतं. त्याच लोकांसमोर तिला बोटाला शाई लावून घ्यायची होती.

मतदानाच्या सकाळी मी तिचं नाव शोधून काढलं. ती मोबाइलवर वाकली.

"ह्याच्यात मी जिती आहो ना?"

"जिती आहेस. केंद्र बुद्रुकच्या शाळेत."

"बुद्रुक म्हंजे मोठं गाव. आपलंच थे!"

गावी जायला ठरवलेल्या काळीपिवळी जीपचा ड्रायव्हरही मान डोलावून तेच म्हणाला. इथेच घात झाला. नाल्याच्या दोन काठांवर एकाच नावाची दोन गावं आहेत, बुद्रुक आणि खुर्द. बुद्रुक मोठं, खुर्द लहान, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण डांबरी रस्ता खुर्दवरून गेला, बाजार तिकडेच भरू लागला आणि खुर्द फुगत गेलं. बुद्रुकात चार घरं उरली. बोलताना सगळे मोठं गाव, लहान गाव एवढंच म्हणतात, आणि मोठं म्हणजे आता खुर्द. आत्या सगळा संसार खुर्दात करून स्वतःला बुद्रुकची समजत होती. मोबाइलच्या नकाशानेही "पोहोचलात" म्हणून आम्हाला खुर्दातच सोडलं. त्यालाही त्या नावाचं एकच गाव ठाऊक.

तीच शाळा, तीच माणसं. आत्या गुडघे धरून रांगेत उभी, बस म्हटलं तरी बसेना. दिवस कलता नंबर आला तेव्हा टेबलावरचा माणूस म्हणाला, "आजी, तुमचं केंद्र यंदा बुद्रुकात हलवलंय."

"हेच तं बुद्रुक होय!"

मागे पुन्हा तेच हसू. एकेकाची गचांडी धरावी असं मला वाटलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कोणीतरी केंद्र नाल्यापलीकडे नेलं होतं, आणि नाल्यावरचा पूल खचलेला. जीप लांबच्या फेऱ्याने न्यावी लागली. पोहोचलो तेव्हा मतदानाची वेळ संपून शाळेचं फाटक लागलं होतं.

मी पोलिसाच्या पाया पडायचा बाकी राहिलो.

"आतमधी रांगेत असती तं आलं असतं टाकता, माय," तो खाली बघत म्हणाला.

अख्खा दिवस ती रांगेतच होती.

परतताना मोबाइलला रेंज आली आणि मेसेज आला, आपलं मत अमूल्य आहे, अवश्य मतदान करा. वरातीमागून घोडं. आत्या कोरं बोट अंगठ्याने चोळत बसली होती.

"पाह्य बाबू, मोबाइलमधी जिती, गावात मेली."

 

पुढची निवडणूक यायच्या आत आत्या गेली. मी स्वतः जाऊन नाव कमी करायला सांगून आलो. यंदा शटर अर्धं वर करून बसलो, आणि गिऱ्हाईक नसताना हात आपसूक तिच्या नावावर गेला. नाव आलं. केंद्र आलं. नकाशाने बुद्रुकचीच शाळा दाखवली, दुरुस्त झालेल्या पुलावरून जाणारा रस्ताही दाखवला. कुठेही चूक नव्हती.