सरळ केलेली कोयरी

मल्हारअण्णांची कोयरी मी सरळ केली, आणि तीही स्पर्धेचा कागद द्यायच्या दिवशी सकाळी. चिकपेटेतल्या एका साडीच्या दुकानासाठी तीस वर्षं हा माणूस चौकड्यांच्या कागदावर साड्यांच्या काठांची नक्षी काढत होता. बायका ते काठ गावोगाव मिरवायच्या, नाव मात्र दुकानाचं व्हायचं. अठ्ठावन्न सालच्या राज्य नक्षी-स्पर्धेत पहिल्यांदाच नक्षीखाली त्यांचं स्वतःचं नाव लागणार होतं. त्यांचा मदतनीस म्हणून मी शाई भरायला बसलो होतो. बावीस कोयऱ्या उजवीकडे बघत होत्या, तेविसावी डावीकडे. मी पडलो पदवीधर! ब्लेडने खरवडून तिला शिस्त लावली.

"अरे शहाण्या!" अण्णा ओरडले. "ती मुद्दाम चुकवली होती! बिनचूक कामाला दृष्ट लागते. आजोबांपासून आमच्याकडे एक चूक ठेवतात."

"परत उलटी करतो की, अण्णा."

"आता कागदाला भोक पाडशील. सरी," कानडीत 'बरं' म्हणत त्यांनी मला बाजूला सारलं, "तिकडे बस, आणि हात खिशात घाल!"

कागद तसाच गेला. महिन्याने पत्र आलं. पहिलं बक्षीस, शिवाय व्यासपीठावर सत्कार आणि फोटो! सगळी गल्ली म्हैसूरपाक खात होती, अण्णा मात्र हातातला तुकडा नुसता फिरवत बसले.

"एवढे लोक बघणार," ते पुटपुटले, "आणि कामात एक चूक नाही."

मी ओशाळून विचारलं, "अण्णा, मग दृष्ट लागू नये म्हणून आता काय करायचं?"

त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"फोटोत माझ्या शेजारी तू उभा राहा, तेवढी चूक पुरे."