मिल्टन कीन्सहून सुटणारी वस्तीची गाडी

किस्से साठवायला काही वेगळं करावं लागत नाही. दोन घरं, दर शुक्रवारी एकत्र जेवण, आणि त्यात कुणाचे तरी वडील भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले असले की झालं! आमच्याकडे तर नाना होते. त्यामुळे त्या एका उन्हाळ्याचे किस्से आम्ही अजून सांगतोय आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "थांब, तो पाय धुवायचा राहिला!"

मंडळी अशी. इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये मी आणि माझा नवरा सचिन, आणि पाच मिनिटांवर मकरंद आणि केतकी. नाना म्हणजे मकरंदचे वडील. नागपूरकडचे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. मकरंदची आई दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून एकटेच आले होते. त्यांची परतीची फ्लाइट तीन आठवड्यांवर आली, तेव्हा मकरंदने जाहीर केलं की नानांना स्कॉटलंडमधलं स्काय बेट दाखवायचं.

साडेपाचशे मैल. अकरा तास.

* * *

शुक्रवारी जेवणं झाल्यावर प्लॅनिंग मीटिंग बसली. मकरंद प्रोजेक्ट मॅनेजर, त्यामुळे रूटची प्रिंटाउट आणि रंगीत चार्ट तयार! सचिन म्हणाला, "पहाटे चारला निघू, सरळ मारत जाऊ, संध्याकाळी स्काय!"

नाना कोपऱ्यात सुपारी कातरत होते. म्हणाले, "डायवर कोण?"

"मी," मकरंद म्हणाला.

"दुसरा डायवर?"

सगळ्यांनी सचिनकडे पाहिलं. सचिन तोपर्यंत ड्रायव्हिंग टेस्ट तीनदा नापास झाला होता आणि तिन्ही वेळा राउंडअबाउटवर. आमच्या गावात दर पाचशे पावलांवर एक राउंडअबाउट. तिसऱ्या टेस्टला हा बाहेर पडायचा रस्ता चुकला, म्हणून परत फिरला. परत चुकला. तिसऱ्या फेरीला परीक्षकाने पेनाला टोपण लावलं आणि खिडकीबाहेरची फुलं बघत बसला! आता माझं काय, तर मी टेस्टलाच बसले नव्हते. हरण्यापेक्षा न खेळलेलं बरं.

"पुढच्या महिन्यात माझी चौथी टेस्ट आहे, नाना," सचिन म्हणाला.

"म्हणजे तू पॅसेंजर आहेस बाप्पा!" नानांनी अडकित्ता खाली ठेवला. "एक डायवर न अकरा तास? जमत नसते. वस्ती लागेल."

वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी शहरातून सुटून शेवटच्या खेड्यात जाणारी एसटी. रात्री तिथेच मुक्काम करते आणि सकाळी परत येते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच सीटवर झोपतात, नाहीतर देवळात, शाळेच्या व्हरांड्यात. नानांनी आयुष्यभर हीच ड्यूटी केली होती. मकरंदचा रंगीत चार्ट त्या क्षणी बाद झाला. नानांनी वही मागवली, पट्टीने रेघा मारल्या आणि वेळापत्रक लिहिलं: "मिल्टन कीन्स, सुटणार सात दहा." ते केतकीच्या फ्रीजवर लागलं.

* * *

त्या रात्री भांडी मकरंद विसळत होता, मी पुसत होते. तो मध्येच म्हणाला, "मंजू, हॉटेल मी चांगलं बघणार आहे. मोठ्या पलंगाचं."

मला वाटलं, हौस. पण तो कढई घासत घासत बोलतच राहिला.

"मी शाळेत असताना नाना संध्याकाळी जायचे. सकाळी परत यायचे तेव्हा मी शाळेत. बाकड्याएवढ्या सीटवर झोपले गं ते एकतीस वर्षं. एक दिवस त्यांनी कुणाचे तरी पाहुणे म्हणून झोपावं. मऊ गादीवर, पाय पसरून. बाकी मला स्काय-बिय काही नको."

मी म्हटलं, इथे घरी आहे की पलंग.

"घेतला तो भिंतीला उभा करून ठेवलाय! सतरंजी टाकून खाली झोपतात. म्हणे, गादीत माणूस रुततो."

मला भरून आलं, पण कढई अजून तेलकट होती, म्हणून ती परत दिली.

* * *

मकरंदने निम्म्या वाटेवर, कार्लाइलच्या अलीकडे, मोटरवेपासून जरा आत एक हॉटेल शोधलं. नानांनी ते फोटोवर पास केलं नाही. "वस्तीचं गाव फोन करून विचारून घ्यावं लागते," म्हणाले. फोन करणार कोण? मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, दिवसभर लोकांच्या तक्रारींचे फोन घेते, म्हणून मान माझा!

पलीकडे रिसेप्शनवर जॅनेट नावाची बाई. मी स्पीकर लावला. नानांचे प्रश्न एकेक करून आले. गाडी खिडकीतून दिसेल का? पाणी सकाळी किती वाजता येतं? मी इंग्रजीत विचारत गेले आणि कानांच्या पाळ्या गरम होत गेल्या.

"आता विचार, रात्री कुत्रे भुंकतात काय."

"नाना, असं नाही विचारत इकडे..."

"डायवरची झोपमोड झाली तर घाटात गाडी तू चालवशील?"

मी विचारलं. कुत्र्यांचं काय हो तुमच्याकडे, अशा अर्थाचं काहीतरी. जॅनेट खूश होऊन म्हणाली, "अगदी आनंदाने! तुमचा केवढा आहे?"

नाना शेजारून कोपराने ढोसत होते, "काय म्हणून राहिली?" मी घाईघाईत जॅनेटला सांगितलं, "वय झालंय, पण स्वभावाने गरीब आहेत." मी नानांबद्दल बोलत होते. त्यांच्या शंका मनावर घेऊ नका, एवढंच मला सुचवायचं होतं!

शेवटचा प्रश्न राहिला होता. वस्तीच्या गावाला कंडक्टर रिकाम्या हाताने जात नाही. शहरातून कुणाचं औषध, कुणाची चप्पल, कुणाचं पोस्टाचं पाकीट घेऊन जातो. नाना म्हणाले, "विचार तिला, इकडून काही आणायचं आहे काय? तिकडे मिळत नसेल असं."

मी विचारलं. जॅनेट खळखळून हसली. म्हणाली, "आठ दिवस पाऊस पडतोय. थोडं ऊन घेऊन या!"

मी नानांना सांगितलं. नाना हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

* * *

निघायच्या आदल्या दिवशी केतकीचा मला ऑफिसात फोन. "आम्ही हॉटेलात चाललोय की वनवासाला? तिखट-मिठाच्या पुऱ्या पन्नास झाल्या, नाना म्हणतात अजून लाटा!"

"का गं?"

"म्हणे, वस्तीच्या गावाला जेवायला बसलं की चार माणसं येऊन बसतातच. कोण येणार आहे, मंजू, कार्लाइलला?"

मी म्हटलं, तू लाट. कोणी नाही आलं तर सचिन आहेच.

* * *

निघालो मात्र सकाळी सात दहालाच. नाना मागच्या दाराशी बसले. मोटरवेवरच्या प्रत्येक सर्व्हिसेसला चहापाण्यासाठी थांबलो की परत निघताना ते माणसं मोजायचे आणि बोटातल्या अंगठीने काचेवर दोनदा टकटक करायचे. ती टकटक झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही!

मकरंदला पहिल्यांदा गंमत वाटली. दुसऱ्या वेळी वैतागला. "नाना, पाच माणसं आहेत, मला आरशात दिसतात!"

"डायवरनं समोर पाहायचं असते," नाना म्हणाले.

तिसऱ्या थांब्यावर मी बघितलं, मकरंद बेल्ट लावून, इंजिन चालू करून गप्प बसला होता. टकटक व्हायची वाट बघत. टकटक झाल्यावर तोंडभर हसला आणि निघाला. त्याच्या आयुष्यात वडिलांबरोबरचा हा सगळ्यात लांब प्रवास होता, असं तो नंतर म्हणाला.

* * *

नानांचे सगळे थांबे घेत हॉटेलात पोचलो तेव्हा संध्याकाळ होती आणि चक्क लख्ख ऊन पडलं होतं. रिसेप्शनवर जॅनेटच होती. नानांनी पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. आत कुरडया! नानांच्या बहिणीने नागपूरला मागच्या वर्षी एप्रिलमध्ये गच्चीवर वाळवलेल्या.

"सांग तिला, ऊन मागितलं होतं ना? नागपूरचं आहे. कडक."

मी सांगितलं. जॅनेट त्या पांढऱ्या जाळीदार चकत्यांकडे बघत राहिली. "हे... ऊन आहे?"

"हो. तळून खायचं."

मग ती काउंटरमागून बाहेर आली आणि तिने नानांना मिठी मारली. नाना ताठ उभे. नंतर म्हणाले, "गाव चांगलं आहे."

* * *

नानांच्या खोलीत जमिनीवर एका छोट्या चटईवर पाण्याने भरलेलं स्टीलचं भांडं ठेवलं होतं. बाजूला हाडाच्या आकाराचं एक बिस्किट. फोनवर मी काय घोटाळा केला होता, ते मला तेव्हा कळलं! पण सांगायच्या आतच नाना गहिवरले.

"बघा बरं! पाहुण्याला पाय धुवायला पाणी. आपल्याकडेही आता कोणी ठेवत नाही."

भांडं उचलून ते बाथरूममध्ये गेले आणि नीट पाय धुऊन आले. मी, मकरंद आणि केतकी एकमेकांकडे न बघता उभे. केतकीने तोंडात पदर कोंबावा तशी ओढणी कोंबली होती. तेवढ्यात कुर्रम कुर्रम असा आवाज आला.

"जरा गोड कमी आहे," सचिन म्हणाला, "पण चहाबरोबर बरं लागेल."

ते बिस्किट कुत्र्याचं होतं, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. हे वाचून कळलं तर कळलं!

* * *

मग खरा वाद झाला. नानांची खोली मागच्या बाजूला, सगळ्यात शांत. दोन ऐसपैस पलंग. मकरंदने मुद्दाम मागून घेतली होती. आमच्या दोन खोल्या पुढे, रस्त्याच्या बाजूला. नानांनी तिन्ही खोल्या पाहिल्या, खिडक्या उघडून आवाज ऐकला आणि निकाल दिला, "मागची खोली डायवरची."

"नाना, ती तुमच्यासाठी आहे!"

"मी काय करू त्या खोलीचं? मला उद्या गाडी चालवायची आहे काय?"

मकरंदचा चेहरा उतरला. कॉरिडॉरमध्ये, आमच्या सगळ्यांसमोर, तो लहान मुलासारखा म्हणाला, "एक रात्र पलंगावर झोपा ना. माझ्यासाठी. सतरंजी मी घरीच ठेवून आलोय."

नानांनी आपली पिशवी उचलली. "बरं. डायवर-कंडक्टर एका खोलीत. एक पलंग तुझा, एक माझा. झालं समाधान?"

मकरंदचं झालं. त्याहून जास्त केतकीचं झालं! "सात वर्षांनी एकटीला खोली, मंजू! घोरणं नाही!" दार लावून घेतलं तिने, ते सकाळीच उघडलं.

* * *

आणि आता ती सकाळ.

आठ वाजले तरी मकरंद नाश्त्याला आला नाही. केतकी अजून आंघोळीला, म्हणून मीच हाक मारायला गेले. दार नानांनी उघडलं. अंगात कालचाच शर्ट, तोंडावर बोट.

पडदे ओढलेले होते. मकरंद आडवातिडवा पसरला होता, तोंड उघडं, एक पाय पलंगाबाहेर. त्याच्या उशाशी खुर्ची ओढून ठेवलेली. पलीकडचा नानांचा पलंग जसाच्या तसा होता. चादरीला एक सुरकुती नाही. हॉटेलने घडी घालून ठेवलेला टॉवेलसुद्धा तिथेच.

"नाना, झोपला नाहीत?" मी कुजबुजले.

"हळू बोल." ते परत खुर्चीवर बसले. "चार वेळा कूस बदलली यानं. पहाटे पांघरूण फेकलं. मी घातलं, तर पुन्हा फेकलं. याची आई सांगायची मला. मला वाटे, वाढवून सांगून राहिली."

 मी दार आवाज न करता लोटून घेतलं.

थोड्या वेळाने नाना उठले. आपल्या पलंगापाशी गेले, टॉवेल उचलून खुर्चीवर टाकला. उशीत दोन गुद्दे मारले. चादर ओढून चुरगळली, पांघरूण अर्धं खाली लोंबतं सोडलं. दोन पावलं मागे येऊन पाहिलं, मग उशी आणखी थोडी वाकडी केली.

"हां," मला म्हणाले. "आता उठव त्याला."

मकरंद डोळे चोळत उठला. पहिल्यांदा त्याने नानांच्या पलंगाकडे पाहिलं. "नाना! झोप लागली ना?"

"लागली म्हणजे? ढाराढूर!"

त्या दिवशी नाना काचेवर टकटक करून बसले ते ग्लासगोच्या आधीच झोपले. लोमंड सरोवर गेलं, ग्लेन्कोचे डोंगर गेले, ज्याच्यासाठी निघालो होतो तो सगळा रस्ता गेला. नानांची मान केतकीच्या खांद्यावर, आणि घोरण्याचा आवाज थेट पुढच्या सीटपर्यंत. केतकी उठवायला गेली, तर मकरंदने हाताने थांबवलं. गाडी हळू केली, रेडिओ बंद केला आणि आरशातून मला म्हणाला,

"बघितलंस, मंजू? काय गादी असेल! अजून झोप उतरली नाही!"