गारांचा वाटा

माझे सासरे शेतकरी आहेत, हे सरकार सोडून कोणालाही पटणार नाही. चाकणजवळची बहुतेक जमीन त्यांनी कंपन्यांना विकली आणि आम्ही रावेतच्या मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. कारखान्याच्या भिंतीमागे उरलेले तीन एकर त्यांनी मराठवाड्यातून आलेल्या एका जोडप्याला वाट्याने कसायला दिले. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, मोडायची कंबर त्या दोघांची. खर्च निम्मा, पीक निम्मं, असं तोंडी ठरलं होतं. वाटेकरीण सकाळी एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची आणि दुपारी कांद्यात वाकायची. बियाण्याचा त्यांचा निम्मा खर्च त्या भांड्यांतूनच निघाला होता.

काढणीला आलेल्या कांद्यावर गारा पडल्या. कांदा जागेवरच सडायला लागला. सरकारने नुकसानभरपाई जाहीर केली आणि सासऱ्यांना एकदम शेताची ओढ लागली. पंचनाम्याच्या दिवशी गाडी मीच चालवली.

तलाठी तरुण होता, सभ्य होता. फोटो काढायला वर धरलेला मोबाइल त्याने खाली घेतला.

"आबा, राग मानू नका, पण फोटोत शेतकरी दिसला पाहिजे हो. हा गॉगल, हे पांढरे बूट... वरून साहेब विचारतील."

सासऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं. वाटेकरी बांधावर उभा होता, खांद्यावर विटका लाल टॉवेल.

"आण रं त्यो हिकडं," सासरे म्हणाले. टॉवेल त्यांच्या डोक्याला गुंडाळला गेला, गॉगल माझ्या हातात आला, बूट गाडीत गेले. अनवाणी चिखलात उतरताना त्यांनी असं तोंड केलं की मला हसू फुटलं.

वाटेकरीण लगबगीने पुढे झाली. "मालक, कांदा असा धरा. सडकी बाजू फोटूत येऊ द्या." फार मन लावून शिकवत होती बिचारी. निम्मी भरपाई आपलीच, अशी तिची खात्री होती.

"ताई, जरा बाजूला. तुमची सावली पडतीये," तलाठी म्हणाला.

ती बाजूला झाली. फोटो असा आला की पाहणाऱ्याला गलबलून यावं. सासऱ्यांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

भरपाई जमा झाल्याचं कळल्यावर दोघं रावेतला आले. सोफ्याच्या कडेला टेकले. बोलली बाईच.

"मालक, पैशे आले म्हणं. आमचं निम्मं?"

सासरे जराही चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "वाटा पिकाचा ठरला व्हता. पीक आलं का? न्हाई. मग? गारांचा वाटा कुठं ठरलेला?"

"निम्मं बियाणं त्यांचं होतं," मी म्हणाले.

"तू गप. तुला शेतीतलं काय कळतंय?"

हे मला सांगणारा माणूस त्या तीन एकरांत वर्षातून एकदा जातो, तेही फोटोसाठी. माझं डोकं सणकलं होतं. सासूबाईंनी मात्र चहाचा ट्रे माझ्या हातात दिला आणि मी तो निमूट फिरवला. चहा दोघांनीही घेतला नाही.

वाटेकरी उठला. बाई दारापाशी थांबली. आता ती पैशांचं बोलतच नव्हती.

"मालक, टावेल तेवढा द्या. ह्यांचा हाय त्यो."

सासऱ्यांनी क्षणभर खरोखर विचार केला. मी त्यांच्याकडे पाहत होते, म्हणून सांगते.

"ऱ्हाऊ दे हितंच," ते म्हणाले. "फुडच्या पंचनाम्याला लागंल."

टॉवेल अजून त्यांच्या कपाटात आहे, लग्नकार्याच्या सफारींशेजारी हँगरला लावलेला. तो धुवायचा नाही, अशी घरात सगळ्यांना ताकीद आहे.