चार वर्षांचा इलाखा

माझा मित्र भर सभेत चुकावा म्हणून मी आठवडाभर वाट पाहत होतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

तो जहाजावर इंजिनियर आहे. चार महिने समुद्रावर, दोन महिने सिंगापुरात, वुडलँड्सच्या घरी. मी टॅम्पिनीसला राहतो, सॉफ्टवेअरचं काम करतो आणि दर शनिवारी लायब्ररीत बसून सिंगापूरचा जुना इतिहास वाचतो. सहा वर्षं वाचतोय. त्यातही माझा जीव अडकलाय तो ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अल्पायुषी इलाख्यात. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तीन थोरल्यांच्या पंगतीत कंपनीने पेनांगला चौथा म्हणून बसवलं होतं. १८२६ साली त्यात सिंगापूर आणि मलाक्का जोडले. गव्हर्नर, कौन्सिल, सगळा थाट पेनांगला. चार वर्षांत खर्च झेपेना, तेव्हा कंपनीने हा थाट गुंडाळला आणि तिन्ही ठाणी बंगालच्या हाताखाली दिली. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेपर्यंतच इथे राहणाऱ्या माणसाला अशा इलाख्याबद्दल माया वाटणारच.

घरात मात्र माझं कोणी ऐकत नाही. मुलगी दहा वर्षांची आहे. मी तोंड उघडलं की म्हणते, "बाबा, नॉट अगेन लाह." आणि हाच मित्र जेवायला आला, मलाक्काच्या सामुद्रधुनीत जहाज किती जपून न्यावं लागतं ते सांगू लागला, की हीच मुलगी उष्टा हात वाळेपर्यंत ताटावर बसून राहते. तेव्हा माझ्या पोटात दुखतं. अगदी खरंखुरं दुखतं.

इथल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या दिवसांत संध्याकाळच्या आरतीआधी कुणीतरी पंधरा मिनिटं बोलायचं, अशी पद्धत आहे. यंदा विषय ठरला सिंगापूरचा इतिहास. आता फोन मलाच येणार म्हणून मी वाट पाहत राहिलो. फोन आला, पण सेक्रेटरी म्हणाले, "तुझ्या त्या बोटीवरच्या मित्राला सांगितलंय. नेमका सुट्टीवर आलाय आणि माणूस बोलतो छान. तू जरा त्याला मदत कर."

त्याने स्लाइड्स पाठवल्या. सोबत लिहिलं होतं, "तू यातला जाणकार. नजर टाक, चुकलो असेन तर बिनधास्त सांग." सातव्या स्लाइडवर ठळक अक्षरांत होतं, सिंगापूर एकेकाळी मुंबई इलाख्यात होतं. त्या काळी मुंबईहून कैदी इथे आणले जात, एवढं त्याने कुठेतरी वाचलं होतं. बाकीची उडी त्याची स्वतःची. ही चूक आपलाच माणूस करू जाणे. चेन्नईचा असता तर त्याने मद्रास लिहिलं असतं.

मी दुरुस्ती टाइप केली, चांगल्या चार ओळी. मग त्या पुसल्या आणि "मस्त आहे" असं पाठवून दिलं. होऊ दे एकदा फजिती, म्हटलं.

फजिती कसली! सातवी स्लाइड आली आणि तो म्हणाला, "म्हणजे मंडळी, आपण इथे पाहुणे नाही, घरचेच आहोत!" हॉलभर टाळ्या आणि शिट्ट्या. चूक पकडणारं तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं, हे आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुलगी पहिल्या रांगेत हात उंच करून टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या.

पंधरा दिवसांनी ऑफिसमधून आलो, तर जेवणाच्या टेबलावर तिचा चार्ट पसरलेला. दुसऱ्या दिवशी तिला वर्गात बोलायचं होतं. मुंबईपासून सिंगापूरपर्यंत लाल बाण ओढला होता.

"हे चूक आहे," मी म्हणालो.

"काका सेड सो."

"काकांचं चुकलंय."

तिने तडक फोन लावला, स्पीकरवर. तो बॅग भरत होता, परवा बोटीवर रुजू व्हायचं होतं. "चुकलं असेल गं माझं," तो हसला. "पण मी तर बाबांना दाखवलं होतं. ते म्हणाले, मस्त आहे." मग तो थांबला. त्याला कळलं असावं, कारण लगेच म्हणाला, "कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल त्याच्या नजरेतून."

माझ्या चुकीवर पांघरूण घालत होता. तेही त्यालाच जमायचं! मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण त्याचे उपकार घ्यायचे, या विचारानेच माझं डोकं फिरलं.

"राहून गेलं नाही," मी म्हणालो. "मला दिसलं होतं."

"देन व्हाय यू नेव्हर टेल काका?" मुलीने विचारलं.

"कारण मी जळत होतो. तो बोलणार, तुम्ही सगळे ऐकणार, म्हणून."

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. तो "ठेवतो रे" म्हणाला आणि फोन बंद झाला.

मग मी तिच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. तीन बंदरं, पेनांगचा गव्हर्नर, ती चार वर्षं, शेवटी बंगालची ताबेदारी. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती मधे एक शब्द न बोलता ऐकत होती. मी भराभर सांगत सुटलो. तिने लाल बाणावर पांढरा कागद चिकटवला आणि मी सांगितलेलं सगळं पेन्सिलीने लिहून घेतलं. पेन्सिलीने का, असं मी विचारलं.

"उद्या टीचरला विचारते ना आधी," ती खाली बघत म्हणाली. "करेक्ट असेल तर मग पेनने लिहिते."